परिचराची गरज नाही

होळी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी नम्रता नवऱ्याला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत घेत होती आणि तिच्या कमरेत काहीतरी कट्‌कन झालं.

रोजचीच गोष्ट होती. प्रविणच्या कमरेभोवती पंच्याचा पट्टा आवळायचा, त्याचे दोन्ही हात आपल्या मानेवर घ्यायचे, गुडघ्याने त्याचे गुडघे अडवायचे आणि एका दमात त्याला उचलून खुर्चीत फिरवायचं. अकरा वर्षं ती हे करत होती. प्रविणचे हात खांद्यापासून हलत, पण बोटं मिटत नसत, म्हणून त्याला तिची मान धरता यायची नाही, नुसती मनगटं टेकवता यायची. छातीखाली तर काहीच हलत नव्हतं, काही कळत नव्हतं. सत्तर किलोचं ओझं नुसतं तिच्या अंगावर यायचं.

त्या दिवशी तो अर्धा वर आला आणि तिचे पाय लुळे पडले. तिने कसाबसा त्याला खाटेकडे ढकलला. तो आडवा पडला, डोकं भिंतीला लागलं. ती खाली गुडघ्यावर बसली ती तिथेच राहिली. श्वास घेतला तरी कळ मस्तकात जात होती.

"काय झालं गो?" प्रविणने विचारलं. त्याचं तोंड भिंतीकडे होतं, त्याला ती दिसत नव्हती.

"काय नाय. थांबा जरा."

"उठ मग."

"थांबा म्हटलं ना."

सासू सीताबाई हंडे घेऊन टँकरच्या रांगेत गेली होती. खारकोंडीत उन्हाळ्यात विहिरीचं पाणी जिभेवर ठेववत नाही. होळीपासून पाऊस पडेपर्यंत पेणहून टँकर येतो आणि अख्खा गाव रस्त्यावर असतो. नम्रताने हाका मारल्या त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. प्रविण तसाच वाकडा पडून होता. लघवीची नळी त्याच्या मांडीखाली दुमडली होती, आणि त्याला ते कळत नव्हतं. तिला दिसत होतं, पण तिचा हात तिथपर्यंत पोचत नव्हता.

अर्ध्या तासाने सीताबाई आली, तिने शेजारच्या पोपटला बोलावलं. पोपट धरमतरच्या जेटीवर बार्जमधला माल उतरवायच्या कामाला होता. रात्रपाळी करून नुकताच येऊन झोपला होता. डोळे चोळत आला, प्रविणला पोत्यासारखा उचलून सरळ केला, नळी सोडवली, मग नम्रताला काखेत धरून उभी केली.

"वैनी, हे तुमचं एकटीचं काम हाय काय," तो म्हणाला.

पोपटने प्रविणकडे बघितलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते.

पेणच्या डॉक्टरने फोटो काढायला लावला आणि सांगितलं की मणक्यातली गादी सरकली आहे. तीन महिने पाण्याच्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही. नाही ऐकलंत तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतरही उचलायचं नाहीच. घरी कोण कोण असतं, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं, परत उचललं. मग कमरेचा पट्टा लिहून दिला.

पट्टा बांधून ती पुन्हा कामाला लागली. दुसरं करणार काय? पोपटची दुपारची पाळी असली की तो सकाळी येऊन प्रविणला खुर्चीत बसवी. सकाळची असली की संध्याकाळी येऊन परत खाटेवर घाली, पण सकाळी बसवायला कुणी नसे. मग प्रविण दिवसभर खाटेवर. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायला हवं होतं. नम्रता आणि सीताबाई दोघी मिळून चादर ओढत. सीताबाई सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. कधी दोनाचे चार तास होत. चैत्र संपता संपता माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आला. नम्रताने बोटाने दाबून बघितला. दाबल्यावर तो पांढरा पडला नाही. प्रविणच्या अपघातानंतर पुण्याच्या लष्करी इस्पितळात नर्सने तिला शिकवलं होतं, दाबून पांढरं पडलं नाही तर समजायचं आतून कुजायला लागलंय.

तिने प्रविणला सांगितलं नाही. त्याला तिथे काही कळतच नव्हतं.

तिचं माहेर रोह्याकडे, कोलाडच्या अलीकडे. भाऊ आदेश भाड्याची इको गाडी चालवायचा. बहिणीची पाठ गेल्याचं कळल्यावर तो बघायला आला आणि जाताना म्हणाला, "आक्का, रोह्यात एक सुभेदार हायेत. हैबतराव मालुसरे. माजी सैनिकांची कामं करतात. त्यांना एकदा कागद दाखव. मिलिटरीत अशा माणसाला वेगळा भत्ता असतो म्हणे, बघणाऱ्या माणसाचा."

"पेन्शन हाय की त्यांना."

"ती येगळी. हा बघणाऱ्याचा."

बघणाऱ्याचा, हा शब्द नम्रताच्या मनात राहिला. अकरा वर्षांत ती बघते असं कुणी म्हटलं नव्हतं. ती बायको होती, आणि बायको बघतेच.

प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन ती आदेशच्या गाडीतून रोह्याला गेली. कुंडलिकेच्या पुलाजवळ एका दुकानावरच्या खोलीत हैबतराव बसले होते. साठीचा माणूस, पांढरी मिशी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी कागद एकेक करून टेबलावर मांडले आणि बोट ठेवून वाचू लागले. एका कागदावर बोट थांबलं.

"शंभर टक्के अपंगत्व लिहिलंय," ते म्हणाले. "मग अटेंडंट भत्ता का नाही, असा प्रश्न मला पडला होता. हे बघा. परिचराची गरज आहे का, या रकान्यात 'नाही' लिहिलंय."

"नाय?"

"गरज नाही. लष्कराच्या वैद्यकीय बोर्डापुढे त्यानेच तसं सांगितलेलं दिसतंय. खाली लिहिलंय, रुग्ण स्वतःची कामं स्वतः करण्याबद्दल आत्मविश्वास दाखवतो."

नम्रताने कागद हातात घेतला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या रकान्यातली दोनच अक्षरं तिला कळली. इतकी वर्षं तो कागद तिच्या ट्रंकेत साड्यांखाली होता.

"आता काय होईल?"

"पुन्हा बोर्ड मागता येतं. मुंबईच्या लष्करी इस्पितळात जावं लागेल. पण त्याला तोंडाने सांगावं लागेल, बाई. मला जमत नाही, असं. हे आमच्या लोकांना फार अवघड जातं." त्यांनी चष्मा काढला. "मी जेवढ्यांची कामं केली, त्यातले निम्मे तिथेच अडतात."

घरी आल्यावर तिने लगेच विषय काढला नाही. तांदळाच्या भाकऱ्या केल्या, जवळ्याची चटणी केली. प्रविणच्या तळहाताला पट्टी बांधून त्यात चमचा खोचला. तो जेवत असताना ती समोर बसली.

"तुमी बोर्डात काय सांगितलं होतं? कुणाची गरज नाय म्हणून?"

चमचा तोंडाशी थांबला. "कोण म्हणतं?"

"कागदात लिवलंय."

त्याने घास घेतला, सावकाश चावला. "तवा वाटलं, हात सुधारतील."

"सुधारले नाय तवा तरी सांगायचं."

"कुणाला सांगू? काय सांगू? मला धुवायला माणूस द्या म्हणून अर्ज करू?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पेन्शन देतात ती मी नोकरी केली म्हणून. हे मागायचं म्हंजे भीक झाली."

"मी अकरा वर्सं करत्ये ती काय हाय मग?"

त्याचा हात खाली आला. चमचा ताटात पडला. तो त्याला उचलता येत नव्हता, आणि त्या वेळी नम्रतानेही उचलला नाही. ती उठून आत गेली. थोड्या वेळाने सीताबाईने येऊन चमचा परत त्याच्या पट्टीत खोचला.

प्रविण फौजेत नाईक होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा अरुणाचलात रेशन घेऊन जाणारा ट्रक पावसात दरीत घसरला. दोघे मेले, प्रविण जगला, मानेखालचा मणका तुटला. गावात सत्कार झाला तेव्हा पाहुण्याने माइकवर विचारलं, कुठल्या लढाईत जखमी झालात? प्रविण म्हणाला, लढाईत नाही, ट्रक घसरला. मांडवात एकदम शांतता झाली. त्यानंतर तो कुठल्याच सत्काराला गेला नाही. मूलबाळ झालं नव्हतं, पुढे होण्यासारखं राहिलं नाही. नम्रता तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. माहेरच्यांनी एकदा विचारून बघितलं होतं, येतेस का परत? ती म्हणाली, भात लावायचाय, आता नाही. तो विषय तिथेच संपला.

वैशाखात तो डाग फुटला. आता लपवण्यात अर्थ नव्हता, वास येऊ लागला होता. नम्रताने मोबाईलवर फोटो काढून त्याच्यासमोर धरला.

"हे काय हाय?"

"तुमची पाठ."

तो बराच वेळ बघत राहिला. बोटाची मागची बाजू मोबाईलच्या काचेवर दोनदा टेकवून फोटो मोठा केला. मग फोन बाजूला सारला आणि तिच्याकडे बघितलं. ती भिंतीला धरून उभी होती, एक पाय उचलून, कारण दोन्ही पायांवर उभं राहिलं की कळ जायची. आपण इतके दिवस तिच्याकडे नीट बघितलंच नाही, हे त्याच्या तोंडावर दिसलं.

"बोलव तुझ्या सुभेदाराला," तो म्हणाला. "पण एक सांगतो. बोर्डाला आत मी एकटा जाणार. तू यायचं नाय."

हैबतराव स्वतः आले. एसटीने पेण, तिथून विक्रम रिक्षाने खारकोंडी. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावरचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूला मिठाने पांढरी पडलेली शेतं. बांध गेल्या उधाणात फुटला होता आणि प्रविणच्या घरच्या जमिनीत खाडी शिरली होती. त्या वर्षी तिथे भात होणार नव्हता. हैबतरावांनी त्यावर काही विचारलं नाही, चपला काढल्या, आत आले आणि खाटेसमोर उभे राहिले.

"नाईक प्रविण म्हात्रे," ते म्हणाले.

"जय हिंद, साब," प्रविण म्हणाला, आणि मान जेवढी सरळ करता येईल तेवढी केली.

अर्जासोबत फोटो लागणार होता. प्रविणने सकाळपासून तयारी करून ठेवली होती. पोपटने दाढी केली होती, नम्रताने त्याला इस्त्रीचा शर्ट चढवला होता, खुर्चीत पट्ट्याने ताठ बांधून बसवलं होतं. हैबतरावांनी मोबाईल वर धरला, मग खाली केला.

"असा फोटो नको."

"का, साब?"

"यात तू धडधाकट दिसतोस. साहेब म्हणेल, हा तर ऑफिसात बसायला निघालाय." ते खुर्चीजवळ वाकले. "शर्ट काढावा लागेल. खाटेवर झोपलेला, नळी दिसली पाहिजे. पाठीचाही एक घेऊ."

पोपटने प्रविणकडे बघितलं, प्रविणने मान हलवली. पोपटने पट्टा सोडला, त्याला उचलून खाटेवर ठेवला. शर्टाची बटणं नम्रताने काढली. सकाळी लावलेली बटणं तीच काढत होती. हैबतरावांनी तीन फोटो काढले. काढताना ते स्वतः डोळे बारीक करून बाजूला बघत होते. झाल्यावर त्यांनीच चादर वर ओढली.

"फौजेत माझ्या कंपनीत एक पोरगा होता," ते निघताना ओटीवर नम्रताला म्हणाले. "त्याने फोटो काढू दिला नाही. मी जोर केला नाही. तो गेला गेल्या वर्षी, जखम चिघळून. म्हणून मी आता जोर करतो."

बोर्डाची तारीख श्रावणात लागली. पाऊस धो धो पडत होता. पहाटे चारला उठून नम्रता आणि पोपटने प्रविणची सगळी आवराआवर केली, इकोची मागची सीट काढून गादी टाकली. आदेश गाडी चालवत होता, हैबतराव वडखळला चढले. खड्ड्यांतून गाडी आदळली की पोपट प्रविणच्या पाठीखाली हात घालून त्याला उचलून धरी. मुंबईला पोचायला पाच तास लागले.

इस्पितळात सगळं स्वच्छ होतं. लांबच लांब व्हरांडा, पुसलेल्या फरशा, बाकावर बसलेले जवान. कुणाला पाय नाही, कुणाच्या डोळ्यावर पट्टी. प्रविणचं नाव पुकारलं तेव्हा त्याने नम्रताकडे बघितलं. ती बाहेर थांबली. पोपट खुर्ची आत ढकलून परत आला. दार पूर्ण लागलं नाही, पावसाने लाकूड फुगलं होतं.

आत तिघे होते. मधल्या साहेबाने हिंदीत विचारायला सुरुवात केली.

"खाना खुद खाते हो?"

"हो जाता है, सर."

"दाढी, नहाना?"

"हो जाता है, सर."

"करवट बदलना?"

"हो जाता है."

नम्रता दाराबाहेर उभी होती. प्रविणचा आवाज तिला ओळखीचा वाटेना. खणखणीत, परेडमधला आवाज. खोटं तो बोलत नव्हता. सगळं होत होतंच. कोण करतं एवढंच तो सांगत नव्हता. कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. तिने बाकावरच्या हैबतरावांकडे बघितलं. ते खाली मान घालून बसले होते.

तिने दार ढकललं.

"बाहर रुकिए," साहेब म्हणाला.

"मला बोलायचंय."

"नम्रता, तू जा," प्रविण म्हणाला. ती गेली नाही. डाव्या बाजूला एक बाई डॉक्टर होत्या, त्या म्हणाल्या, "बोला. मला मराठी कळतं."

आणि नम्रता बोलली. खुर्चीची पाठ धरून, प्रविणच्या मागे उभी राहून, म्हणजे तिला त्याचं तोंड दिसू नये.

"खाना होतो, पण चमचा मी बांधते. दाढी मी करते. रात्रीत दोनदा उठून मी कूस बदलते, आता सासू आणि मी मिळून. नळी दर पंधरा दिवसांनी बदलायची, ती मी बदलते, पेणच्या नर्सनी शिकवलंय. पिशवी मी रिकामी करते. एक दिवसाआड सकाळी गोळी घालून, हातात मोजा घालून, बोटाने संडास काढावी लागते. ती मी काढते. कधी अर्धा तास लागतो, कधी दोन तास. अकरा वर्सं झाली. त्यांना यातलं एक पण येत नाय. जखमेवर माशी बसली तर ती पण नाय हाकलता येत."

ती थांबली. बाहेर पावसाचा आवाज येत होता. प्रविणचे कान लाल झाले होते, मागून तेवढंच दिसत होतं.

बाई डॉक्टरांनी सगळं इंग्रजीत सांगितलं. मधल्या साहेबाने पेन ठेवलं आणि प्रविणला विचारलं, "नाईक, ये सच है?"

नम्रताला वाटलं, तो नाही म्हणेल आणि मग सगळंच संपेल.

"सच है, सर," प्रविण म्हणाला. मग बाई डॉक्टरांकडे वळून मराठीत म्हणाला, "एक तिनं सांगितलं नाय, मॅडम. ते पण लिहा. तिचा मणका सरकलाय. माझ्यामुळं. डॉक्टरनं तांब्या पण उचलू नको म्हणून सांगितलंय, तरी ती मला उचलते. तिचे कागद बाहेर पिशवीत हायेत. आता आमच्या घरात बघायला लागणारी दोन माणसं झालीत."

त्याचा आवाज आता परेडचा नव्हता, घरचा होता.

येताना पनवेलच्या पुढे आदेशने चहासाठी गाडी थांबवली. नम्रता चहा घेऊन मागे आली, कप प्रविणच्या ओठाला लावला. त्याने तोंड फिरवलं.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

चहा गार झाला, तिने तो रस्त्यावर ओतला.

त्यानंतर तो महिनाभर तिच्याशी कामापुरतं बोलला. पाणी. वळव. पुरे. ती पिशवी रिकामी करायला आली की डोळे मिटून घ्यायचा. पूर्वी त्या वेळी तो काहीतरी बोलत राहायचा, उधाणाचं, क्रिकेटचं, जणू खाली चाललंय ते दुसऱ्याच कुणाचं आहे. आता त्याने ते बोलणं सोडलं. परक्या खोलीत ते सगळं मोठ्याने बोललं गेलं होतं आणि आता घरातही झाकून ठेवता येत नव्हतं.

भाद्रपदात जखमेमुळे प्रविणला ताप भरला. वीस दिवस इस्पितळात काढले. डॉक्टरांनी सडलेलं मांस कापलं, मुठीएवढा खड्डा पडला. तिथे पोपट त्याच्याजवळ राहिला, जेटीवरची रजा टाकून. नम्रता बाजूच्या बाकावर पट्टा बांधून पडून असे. एकदा सीताबाई डबा घेऊन आली आणि दोघांना असं आडवं बघून दारातच बसली. "मी कुणाकुणाला बघू," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, डब्याकडे बघत.

भत्त्याच्या मंजुरीचा कागद मार्गशीर्षात आला. हैबतरावांनी फोन करून सांगितलं आणि लगेच ठेवला, त्यांना दुसऱ्या कुणाच्या बोर्डाला जायचं होतं. प्रविणने त्याच दिवशी पोपटला बोलावलं.

"जेटी सोड," तो म्हणाला. "माझ्याकडं काम कर. सरकार तुझ्यासाठी देतंय."

पोपटने विचार करायला दोन दिवस घेतले. जेटीवर जास्त मिळत होतं. पण त्याचेही गुडघे गेले होते, आणि रात्रपाळीला तो कंटाळला होता. तो हो म्हणाला. नम्रताने चार दिवस त्याला शिकवलं. नळी कशी धरायची, जखमेत औषधाची पट्टी कशी भरायची, मोजा घालायच्या आधी नखं कापायची. पोपट मान हलवत शिकला. पाचव्या दिवशी ती मोजे घेऊन खोलीत गेली तर प्रविण म्हणाला, "आता तू जा. आमी करतो."

ती बाहेर आली. पोपटने आतून दार लावलं.

सकाळचे सात वाजले होते. त्या वेळेला तिला करायला काहीच नव्हतं. ती ओटीवर बसली, उठली, अंगण झाडायला वाकली तर सीताबाई ओरडली, कंबर बघ. ती बांधापर्यंत चालत गेली. ओहोटी लागली होती, चिखलात बगळे उभे होते. फुटलेला बांध लोकांनी मातीने भरला होता. पण जमिनीतलं मीठ जायला दोन पावसाळे लागणार, तोवर ते शेत असंच पडून राहणार होतं. ती परत आली तेव्हा बंद दारातून हसण्याचा आवाज येत होता. पोपट जेटीवरच्या कुठल्या तरी मुकादमाची नक्कल करत होता आणि प्रविण हसत होता. खोकला येईपर्यंत हसत होता.

नम्रता दाराबाहेर थांबून ऐकत राहिली. तिच्याजवळ तो असा कधी हसला, हे तिला आठवेना. तिला बरं वाटायला हवं होतं. पण चुलीपुढे बसून भाकरी थापताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते धुराच्या नावावर खपवलं.

तिची पाठ पहिल्यासारखी झाली नाही. पायाला मुंग्या येत राहिल्या. दिवसातून दोनदा तिला ताठ आडवं पडावं लागे. ती स्वयंपाकघरात चटई टाकून पडे.

माघात पोपटच्या चुलतभावाची हळद होती. आदल्या संध्याकाळी त्याने प्रविणला नीट केलं, जखमेसाठी आणलेल्या हवेच्या गादीवर कुशीवर ठेवलं आणि म्हणाला, उद्या दुपारनंतर येतो. सकाळी नम्रता खोलीत गेली. जुन्या सवयीने तिने खुंटीवरचा पंचा काढला.

"ठेव तो," प्रविण म्हणाला. "आज मी उठत नाय. पोपट येईपर्यंत असाच बरा हाय."

"निदान पिशवी..."

"आई करील. तिला जमतं तेवढं." मग थोडं थांबून म्हणाला, "बस की."

ती खाटेच्या कडेला बसली. पाचच मिनिटांत तिचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. त्याने ते बघितलं.

"बसवत नाय तर आडवी हो."

"हितं?"

"मग कुठं?"

खाट इस्पितळातल्यासारखी, अरुंद. नम्रता त्याच्या पाठीमागे हवेची गादी संपते तिथे, पाठ ताठ ठेवून, हळूच आडवी झाली. अकरा वर्षांत त्या खाटेवर तिने फक्त गुडघा टेकला होता. औषधाचा वास येत होता. छपराची कौलं तिने अशी खालून कधी बघितली नव्हती. प्रविणचं तोंड पलीकडे होतं. दोघं बराच वेळ तशीच पडून राहिली.

"पुण्याला माझ्या बाजूच्या खाटेवर सांगलीचा एक पोरगा होता," प्रविण म्हणाला. "तुला आठवतो?"

"व्हय. बारका."

"त्याचं बोर्ड माझ्या आदल्या दिवशी झालं. डॉक्टर त्याला म्हणाला, तुला जन्मभर माणूस लागणार. त्याची बायको दाराशी उभी होती, तिनं ऐकलं. संध्याकाळी कपडे घेऊन येते म्हणून गेली. आलीच नाय." तो थांबला. श्वास घ्यायला त्याला मधे मधे थांबावं लागे. "दुसऱ्या दिवशी मला विचारलं. तू पण दाराशीच होतीस. म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, मला कुणाची गरज नाय. तुला ऐकू जावं म्हणून."

नम्रता कौलांकडे बघत होती.

त्या दिवशी ती दाराशी नव्हती. तिला चांगलं आठवत होतं. बोर्डाला वेळ लागेल असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ती खाली गेली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. कँटीनमध्ये तिने चहा घेतला, पाव खाल्ला आणि माहेरी फोन लावला होता. ती वर आली तेव्हा खुर्ची बाहेर आणलेली होती आणि प्रविण घामाने भिजला होता. काय झालं, तिने विचारलं. काय नाय, झालं, असं तो म्हणाला होता.

"ऐकलं होतंस ना?" प्रविणने विचारलं.

बाहेर सीताबाई कोंबड्यांना कणी टाकत होती. नम्रताने हात उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला. तिथवर त्याला कळत होतं.

"व्हय," ती म्हणाली. "ऐकलं होतं."

"म्हणून राहिलीस."

"म्हणून राहिले."

त्याचा खांदा सैल पडला. थोड्या वेळाने तो झोपला. तिने हात काढला नाही. पाठीतली कळ पायात उतरत होती, पण पोपट यायला अजून बराच वेळ होता.